मुशीच्या तेलाची भिंत

ज्या पावसाळ्यात आमच्या घराची समुद्राकडची भिंत हिरवी झाली, त्या पावसाळ्यात मी विहिरीवर जायची वेळ बदलली. सकाळी आळीतल्या सगळ्या बायका तिथं जमायच्या. म्हणून मी दुपारी, जेवणं उरकून घराघरांतली माणसं आडवी झाली, की कळशी उचलायची. आईला त्याचं कारण ठाऊक होतं. तिनंही बाजाराला जायची वाट बदलली होती.

भिंत हिरवी होणं यात खरं तर नवल नाही. रत्नागिरीत पाऊस लागला की दगड, कौल, पायरी, गडगा, कशावर म्हणून शेवाळ धरत नाही? आणि आमच्या मांडवी बंदराला तर वारा थेट समुद्रावरून येतो, पाऊस वरून पडायचा सोडून आडवाच येतो. म्हणून आमच्याकडे पावसाच्या तोंडावर पश्चिमेच्या भिंतीला झाप बांधायची रीत. नारळाच्या झावळ्या विणून त्यांचे झाप करायचे, ते वाशांपासून जोत्यापर्यंत लावायचे, आणि दसरा झाला की सोडून चुलीत घालायचे. मग भिंतीवरून चुन्याचा हात फिरवला की घर पुन्हा पांढरं. झाप लावलेलं घर घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसतं. पण सगळ्यांचीच घरं तशी, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नसे.

माझ्या बाबांना वाटलं.

बाबा तांडेल, म्हणजे गलबताचे म्होरके होते. त्यांचा जन्म मचव्यावर गेला. कौलं, नारळ, मीठ, जे मिळेल ते भरून मुंबईपासून मंगळूरपर्यंत त्यांनी बंदर न् बंदर पालथं घातलं होतं. पण माझं लग्नाचं वय झालं तोवर ते घरी बसले होते. "आता पोरांना करू दे," असं ते लोकांना सांगत. खरी गोष्ट अशी की त्यांना दिसेनासं झालं होतं. डोळ्यांवर पांढुरका पडदा आला होता. उजेड कळे, समोर कुणी उभं आहे एवढं कळे, पण तोंड ओळखू येत नसे. माणूस ते पावलांवरून नाहीतर खोकल्यावरून ओळखायचे, आणि इतक्या सफाईनं ओळखायचे की परक्याला पत्ता लागू नये.

ही गोष्ट घरात कुणी तोंडातून काढायची नाही, असा आईचा दंडक होता. एकतर तांडेलाला दिसत नाही म्हटल्यावर त्याचं राहिलं काय? आणि दुसरी अडचण मी. "डोळ्यांचा दोष घराण्यात हाय असां एकदा का झालां, की तुला कोण पत्करील गो?" हे तिनं मला जात्यावर बसल्या बसल्या किती वेळा ऐकवलं असेल! माझा भाऊ मुंबईला गोदीत होता. बाबांना तिकडे नेऊन डोळे दाखवावेत, असं त्यानं एकदा सुचवलं. आई म्हणाली, आधी हिचं होऊ दे.

त्या वैशाखात झाप विणायची वेळ आली आणि बाबा म्हणाले, "यंदा झाप नकोत."

"मंग भिंतीचां काय?" आईनं विचारलं.

"तारू आठ म्हयने पाण्यात असतां. त्याला कोण झाप बांधतो? तेल पाजलां की झालां. भिंत तर नुसती भिजते."

ऐकायला हे अगदी बिनतोड होतं. आमच्याकडे लाकडाच्या तारवांना मुशी माशाचं तेल चोळतात. मुशीचं काळीज कढवून ते काढतात आणि त्याचा वास एकदा घेतला की जन्मभर विसरत नाही. त्या तेलात बाबांनी हिरमुजी कालवली आणि चुना खरवडून काढलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर तो लाल रंग स्वतःच्या हातानं चढवला. डाव्या हातानं चाचपायचं आणि उजव्या हातानं काथ्याचा कुंचला ओढायचा. आई बाजूला उभी होती. तिला हे मुळीच पटलेलं नव्हतं, मला तिच्या तोंडावर दिसत होतं. पण कितीतरी दिवसांनी बाबा गुणगुणत काम करत होते, आणि त्यांना थांबवायचं तिच्या जिवावर आलं.

भिंत लाल झाली, आणि नुसती लाल नाही तर चकचकीत. संध्याकाळचं ऊन पडलं की डोळे दिपत. वासानं मात्र साऱ्या मांडवीची मांजरं आमच्या दारात गोळा झाली. "तांडेलानु, घर पाण्यात कधी सोडताय?" असं येता-जाता लोक विचारू लागले. बाबा हसत. बंदरात शिरणारे त्यांचे जुने सोबती त्यांना चढवून सांगायचे, "आता दीपगृह नको, तुमची भिंत धरून येतो आम्ही." थट्टा होती ती. बाबांनी ती खरी धरली आणि आई-बाबांच्या संसारात कधी कशाचं झालं नसेल इतकं त्या भिंतीचं कौतुक सुरू झालं. मला तेव्हापासूनच मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, पण पुढं काय वाढून ठेवलंय हे कुठं ठाऊक होतं?

मृग लागला तेव्हा भिंतीवरून पाणी अळवाच्या पानावरून ओघळावं तसं ओघळलं. बाबांनी ते ऐकलं आणि खूश झाले. पण चिरा हा असा दगड आहे की तो पाणी कुठूनही पितो. खालून जोत्यातून, वरून वळचणीतून ते आत मुरलं आणि तेलानं पुढची वाट बंद केल्यामुळे आतच राहिलं. आषाढात भिंतीला घाम फुटल्यासारखं झालं. मग कुंचल्याच्या ओढीओढीनं हिरवे ठिपके उठले. आठवडाभरात ते ठिपके एकमेकांना भिडले. श्रावणात पाहावं तर जोत्यापासून खिडकीपर्यंत सगळी भिंत हिरवीगार, हात लावला तर बुळबुळीत, आणि खिडकीच्या वर काळ्या बुरशीचे भले मोठे डाग. तेलाचा कुबट वास आणि शेवाळाचा वास एकत्र आला की आई नाकाला पदर लावायची. आळीतल्या इतर घरांना झाप होते. सगळ्या मांडवीत उघडी आणि हिरवी भिंत एक आमचीच, आणि तीही नेमकी बंदराकडं तोंड करून!

"यंदा भात शेतात कशाला गो? तुमच्या भिंतीवर लावा," असं विहिरीवर एकजण म्हणाली आणि बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या. बोलणारी मनानं वाईट नव्हती. पण मला तिथं उभं राहवेना. अर्धी कळशी घेऊन मी परत आले आणि तेव्हापासून माझी वेळ दुपारची झाली.

मला कशाची लाज वाटत होती, ते नीट सांगितलं पाहिजे. शेवाळाची वाटत होती. वासाची वाटत होती. आपण मासळीच्या तेलातली माणसं आहोत हे आता साऱ्या गावाला भिंतीवर लिहून दाखवल्यासारखं झालं होतं, त्याची वाटत होती. पण सगळ्यांत जास्त लाज वाटायची ती संध्याकाळी. बाबा पडवीत बसून समुद्राचा अंदाज घेत असायचे आणि मी दिवा घेऊन आले की विचारायचे, "रंग टिकलाय ना गो?"

"टिकलाय, बाबा."

"सांगितलां नव्हतां मी?"

खरं सांगायचं तर भिंत हिरवी झाली एवढंच सांगून भागलं नसतं. जी गोष्ट घरातलं शेंबडं पोरही पाहील ती तुम्हाला दिसत नाही, हे सांगावं लागलं असतं. ते आई सांगत नव्हती, मग मी कोण सांगणार? पायवाटेला निसरडं झालंय, पाय मोडेल, असं सांगून आईनं त्यांना त्या बाजूला जाण्यापासून थोपवून धरलं होतं. लोकही तोंडावर काही बोलत नसत. तांडेलाचा हेकट स्वभाव ठाऊक असल्यानं, तो हट्टानं कबूल करत नाही, अशीच त्यांची समजूत होती. ती समजूत आमच्या पथ्यावर पडत होती.

आईनं आणि मी काय करायचं बाकी ठेवलं नाही. बाबा दुपारचे पडले की आम्ही दोघी नारळाची सोडणं घेऊन भिंत घासायचो. शेवाळ तेलात मिसळून लिबलिबीत झालेलं, ते निघण्याऐवजी पसरायचं. आतून बाबांचा आवाज यायचा, "कोण गो तिकडां?"

"कोंबड्या," आई ओरडायची.

"यंदा कोंबड्या भिंत खाऊन टाकणार वाटतां!"

आम्हाला हसू यायचं. मग आई डोळे पुसायची आणि मी मान वळवायची. उघडीप मिळाली तेव्हा आईनं चुना लावून पाहिला. तेलावर चुना धरेना, दह्यासारखा फाटून खाली आला. घासलेलं चार दिवसांत पुन्हा हिरवं झालं, उलट पहिल्यापेक्षा दाट.

आणि अशातच मामांनी माझ्यासाठी स्थळ आणलं.

आईचे हे भाऊ जैतापूरला असत. स्थळ राजापूरचं होतं. मुलगा कचेरीत कारकून, बापाचं भुसारी दुकान. आमच्यासारख्या दर्यावर्दी घराला पगारदार जावई म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, अशी गत. ही म्हण आई त्या दिवसांत चुकूनही उच्चारत नसे. पत्रिका जुळली. दसरा झाल्यावर मुलाचे वडील बोटीनं येऊन मुलगी बघणार असं ठरलं. मामांनी उन्हाळ्यात आमची भिंत पाहिली होती, त्यामुळं त्यांनी हौसेनं सांगून ठेवलं होतं: "पत्ता विचारायला नको. बोटीतून लाल भिंत दिसेल, तेच आमच्या भावोजींचं घर."

हे कळलं तेव्हा आई पुन्हा एकदा भिंतीकडं जाऊन आली. झाप बांधावेत तर सगळ्यांनी झाप सोडायचे ते दिवस, आणि बाबांना काय सांगायचं? त्या साली परतीचा पाऊस दसऱ्यानंतरही रेंगाळला. शेवाळ तेवढंच ताजं राहिलं. आई म्हणाली, "पावनं पुढल्या दारानं येतील. ह्यांनी भिंतीचा विषय काढला की मी चहा आणीन." तिच्याजवळ तेवढाच उपाय होता.

मामा आदल्या दिवशीच येऊन राहिले होते; दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलाचे वडील म्हणजे उंच, कमी बोलणारे, काळा कोट आणि पांढरं स्वच्छ धोतर घातलेले गृहस्थ. बंदरावरून येताना ते जवळच्या वाटेनं, म्हणजे नेमके त्या भिंतीच्या कडेनं आले होते. त्यांचा पाय घसरला असणार आणि त्यांनी भिंतीला धरलं असणार, कारण धोतराच्या एका बाजूला गुडघ्यापासून कमरेपर्यंत हिरवा पट्टा उमटला होता. मी पाणी घेऊन बाहेर आले आणि पहिल्यांदा तोच मला दिसला. त्यांनी तो झटकला नाही की त्याबद्दल बोलले नाहीत. मी पाट मांडून खाली बसले आणि मान वर केली नाही.

बाबा भिंतीला पाठ लावून बसले होते. मामा पाहुण्यांचं नाव घेऊन बोलायचे, तिकडे बाबा तोंड वळवायचे, सगळं ठरवल्याप्रमाणं चाललं होतं. मला वाचायला लावलं. मग पाहुण्यांनी सुई-दोरा मागवला. मुलीची नजर बघायला सुई ओवायला लावायची ही तेव्हाची रीतच, पण आईला डबा लवकर सापडेना. मी पहिल्या झटक्यात सुई ओवली. पाहुणे "छान" म्हणाले आणि मामांकडं बघून त्यांनी मान हलवली. आईनं चौकटीआडून सोडलेला श्वास मला ऐकू आला.

तेवढ्यात बाबा आनंदानं म्हणाले, "काय, बोटीतून भिंत दिसली ना आमची?"

"चहा घ्या," आई आतून म्हणाली.

"कुठली भिंत?" पाहुण्यांनी विचारलं.

"ती लाल. अख्ख्या बंदरात तसली दुसरी नाय."

"मी बरीच शोधली. शेवटी बोटीवरून किनाऱ्याला आणणाऱ्या पडाववाल्यानं बोट दाखवलं. म्हणाला, ते हिरवं दिसतं तेच तांडेलाचं."

बाबा आधी हसले. मग त्यांचा चेहरा ताठ झाला. "पडाववाले मेले थट्टा करतात. माझ्या हातची हिरमुजी हाय ती. हिरवी कुठसून होयल?"

पाहुण्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि पहिल्यांदा बाबांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. खूप वेळ पाहिलं. बाबांना ते कळलं नाही. मामा काहीतरी बोलायला लागले, धुक्याबद्दल की कशाबद्दल, पण बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. आपल्या शब्दावर कुणी शंका घेतली की ते साक्षीदार बोलवायचे, मचव्यावरही त्यांची हीच सवय होती. ते माझ्याकडं वळले.

"बाय, तूच सांग गो. कसल्या रंगाची हाय भिंत आपली?"

हिरवी म्हणावं तर बाबांचे डोळे गेले आहेत हे माझ्याच तोंडून सिद्ध होणार. लाल म्हणावं तर माझेच गेलेत असं होणार. हे सगळं मला त्या क्षणी समजलं असं मी म्हणणार नाही. माझ्यासमोर फक्त ते धोतर होतं आणि त्यावरचा हिरवा पट्टा.

"लाल," मी म्हणाले.

बाबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "ऐकलांत?"

पोरीनं बापाची लाज राखली, असं आई पुढं जन्मभर सांगत आली. ऐकणाऱ्या बायका माझ्याकडं मोठ्या मायेनं बघायच्या आणि मी तिथून उठून जायची. कारण माझ्या मनात बापाची लाज राखणं वगैरे काही नव्हतं. आमच्या भिंतीवर शेवाळ आहे, हे शब्द त्या स्वच्छ कोटातल्या माणसासमोर माझ्या तोंडातून बाहेर पडेनात, एवढंच झालं होतं. मी लाजेनं लाल म्हणाले. जे नव्हतं त्याचं कौतुक ऐकताना जास्तच लाज वाटते.

पाहुण्यांनी आपल्या धोतराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि चहा संपवून उठले.

काही दिवसांनी मामा निरोप घेऊन आले. आईला त्यांनी स्वयंपाकघरात पाहुण्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "एकतर मुलीला रंग दिसत नाहीत, नाहीतर मुलगी खोटं बोलते. दोन्ही आम्हाला नको." बाहेर येऊन बाबांना मात्र ते एवढंच म्हणाले, की मुलीला रंग ओळखता येत नाहीत, असं त्यांच्याकडच्यांचं म्हणणं पडलं.

बाबा उसळले. "लाल भिंतीला पोरीन् लाल सांगितलां, यात तिचां चुकलां काय?"

मामांनी डोक्यावरची टोपी काढली.

"तुम्ही होतात ना? सांगा, काय चुकलां?"

मामांनी टोपी हातात घेऊन फिरवली. बाबा आईच्या दिशेनं वळले. "तू सांग." आईनं चुलीत फुंकर घातली. चुलीला फुंकर नको होती, जाळ चांगला होता. "बाय, तू तरी?" मी जमिनीकडं बघत राहिले. घरात इतकी माणसं असून एकही आवाज येत नाही, हे बाबांना कळलं. आवाजावर जगणारा माणूस तो. ते हळूहळू उठले.

"अवो, तिकडां निसरडां हाय," आई म्हणाली.

"माझ्या घरात मला वाट सांगू नको."

पुढच्या पांढऱ्या भिंतीला हात लावून ते चालू लागले. मी मागोमाग गेले. कोपऱ्यावरून त्यांचा हात समुद्राकडच्या भिंतीवर आला आणि तिथंच थांबला. त्यांनी तळवा खाली ओढला, मग वर नेला. बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी धरली. सारा जन्म तारवांचे तळ घासण्यात गेलेला, त्यांना आणखी काही सांगायची गरज नव्हती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. मी मागं उभी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"आषाढापासून."

"तुला दिसत हुतां ना गो?"

"व्हय."

ते काही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. घरात येऊन त्यांनी घंगाळात हात धुतले, राखेनं धुतले, पुन्हा धुतले, आणि त्या संध्याकाळी पडवीत बसले नाहीत.

माझं लग्न पुढं उशिरा, बोटीवरच्या एका माणसाशी झालं. त्यानं सुई ओवायला लावली नाही. पण त्याआधी आणखी एक वैशाख त्या घरात काढायचा होता. तो आला तेव्हा बाबांनी न सांगता झावळ्या भिजत घातल्या आणि झाप विणायला बसले. विणायला डोळे लागत नाहीत, त्यांची बोटं माझ्यापेक्षा भराभर चालत. भिंतीला पुरतील एवढे झाप झाले तरी ते थांबेनात. शेवटी त्यांनी समुद्राकडच्याच काय, पुढच्या, मागच्या, चारही भिंतींना झाप बांधायला लावले. आळीतली माणसं बघायला आली, पण या खेपेला कुणी थट्टा केली नाही.

शेवटची गाठ मारून झाल्यावर त्यांनी मला कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडं रस्त्यावर जाऊन उभं राहायला सांगितलं.

"भिंत दिसत्ये काय गो कुठसून?"

मी नीट बघितलं. सगळीकडं झावळ्याच झावळ्या होत्या.

"नाय, बाबा."

"खरां सांग."

"खरांच नाय दिसत."

तरी ते घराभोवती एक फेरी फिरले आणि प्रत्येक झाप त्यांनी हातानं चाचपून पाहिला.